फुटाचा इंच: टॉस-1ए रॉकेट लाँचरचं मॉडेल घरी बनवायचं तर असं बनवा

गेल्या वर्षी भाच्याला कॉलेजच्या प्रदर्शनासाठी काहीतरी "हटके" पाहिजे होतं, त्याला रणगाड्यावर बसवलेलं रॉकेट लाँचर करायचं होतं, आणि मी मामा म्हणून हो म्हणून बसलो. त्या नादात अडीच महिने गेले. घरच्यांनी हॉलमधला टीपॉय सोडून दिला, जेवण सुद्धा एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेली पाटी) भुश्यातच. पण मॉडेल असं झालं की आता पेठेतली चार-पाच पोरं रोज विचारतात कसं केलं ते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हे काय यंत्र आहे ते नीट समजून घ्या, कारण इथंच सगळे चुकतात. बहुतेक जण रणगाडा बनवतात, त्यावर तोफेच्या डोक्यावर एक रॉकेटचा खोका चिकटवतात आणि झालं म्हणतात. ते नाही चालत. रशियाच्या टॉस-1 मध्ये टी-72 रणगाड्याचं सगळं वरचं डोकं, म्हणजे तोफ आणि घुमट, काढून टाकलेलं असतं आणि त्याच गोल भोकावर फिरता पाट बसवून रॉकेटच्या नळ्यांचा खोका ठेवलेला असतो. म्हणून गाडी बसकी दिसते, खांद्यावर पोतं घेतलेल्या हमालासारखी. हा बसकेपणा आला की मॉडेल अर्धं जिंकलं.

आता रॉकेट लाँचर रणगाड्यावर का? आपल्याकडची बाकीची रॉकेट लाँचरं बघा, पिनाका ट्रकवर आहे, ग्रॅड ट्रकवर, स्मर्च पण ट्रकवर. कारण साधं आहे, त्यांना लांबून मारायचं असतं. ग्रॅड 20 किलोमीटरच्या आसपास मारतं, पिनाका त्याच्याही पुढं, मग कोण येतंय त्यांच्याजवळ. टॉसचं तसं नाही. पहिल्या टॉस-1 चा पल्ला जेमतेम साडेतीन किलोमीटर, नंतरच्या टॉस-1ए चा सुमारे 6. म्हणजे कोल्हापुरात रंकाळ्यावरून मारलं तर फार तर शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. एवढ्या जवळ जायचं म्हणजे समोरून गोळ्या येणार, मग अंगावर चिलखत पाहिजेच, म्हणून टी-72 चं धूड. रशियन लोक याला तोफखान्यात मोजत पण नाहीत, त्यांच्या भाषेत ही "जड ज्वालाफेक यंत्रणा" आहे आणि ती रासायनिक-अणू संरक्षणवाल्या दलाकडं असते. 220 मिमी जाडीची रॉकेटं, आत इंधनाचा ढग पसरवून पेटवणारा दारूगोळा. 80 च्या दशकाच्या शेवटी अफगाणिस्तानात पंजशीरच्या खोऱ्यात पहिल्यांदा वापरलं, नंतर चेचन्यात. पहिल्याचं टोपणनाव बुरातिनो, लांब नाकाच्या लाकडी बाहुल्याचं नाव, आणि टॉस-1ए चं सोल्न्त्सेप्योक, म्हणजे भाजून काढणारं ऊन. यंत्र म्हणून भारी आहे पण काम भयानक आहे, हे पण बनवताना डोक्यात असू दे. आमच्या तालमीतल्या पोरांनी हे गणपतीच्या देखाव्यात ठेवूया म्हणून आग्रह धरला होता, मी नाही म्हणालो, बाप्पासमोर हे नको. प्रदर्शनात ठीक आहे, तिथं समजावून सांगता येतं.

कोणतं मॉडेल बनवायचं ते ठरवा. जुन्या टॉस-1 ला 30 नळ्या, खालच्या तीन ओळीत आठ-आठ आणि सगळ्यात वर सहा. टॉस-1ए ला 24, सरळ आठाच्या तीन ओळी, कारण रॉकेट लांब आणि जड झालं, खोक्याला चिलखत वाढवलं आणि नळ्या कमी केल्या. आपल्याला 24 वालाच सोपा. बाजारात ट्रम्पेटर आणि मेंग या कंपन्यांचे 1/35 चे (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचे) प्लॅस्टिक किट आहेत, ज्याला पैसे आहेत त्यानं खुशाल मागवावेत, पण ते बाहेरून येतात आणि वीस सेंटीमीटरचं मॉडेल प्रदर्शनात तीन फुटावरून कुणाला दिसत नाही. म्हणून आम्ही 1/12 स्केल घेतलं.

1/12 का? फुटाचा इंच होतो म्हणून. खरी गाडी जितके फूट तितके इंच आपलं मॉडेल, सुताराच्या टेपवर डोकं न लावता मोजता येतं. दुसरं कारण मला नंतर सापडलं आणि मी उडालोच, 220 मिमीला 12 नं भागलं तर 18.3 येतं, आणि घरातल्या वायरिंगचा 20 मिमीचा पीव्हीसी कंड्युट पाइप आतून साधारण तेवढाच असतो! म्हणजे नळ्या आयत्या. तिथंच ठरलं.

मापं लिहून घ्या. टी-72 चं धड तोफ सोडून 6.95 मीटर, आपलं 579 मिमी. रुंदी 3.59 मीटर, आपली 299. चाकाचा व्यास 750 मिमी, आपला 62-63. पट्टा 580 मिमी रुंद, आपला 48. पहिल्या आणि शेवटच्या चाकाच्या मध्यामधलं अंतर साधारण 4.27 मीटर, आपलं 356. समोरची उतरती पाटी आडव्या रेषेपासून फक्त 22 अंश, म्हणजे जवळपास झोपलेलीच, ही पाटी उभी केली की गाडी ट्रॅक्टरसारखी दिसायला लागते, आमचं पहिलं तसंच झालं होतं आणि ते फेकून दिलं.

सामान काय लागतं ते मध्ये मध्ये सांगतोच. मुख्य म्हणजे 3 आणि 5.5 मिमी एमडीएफ, थोडा 12 मिमीचा तुकडा (फर्निचरवाल्याकडं कटपीस मागा, नवीन शीट घेऊ नका), 20 मिमी कंड्युटच्या तीन लांब्या, सायकलच्या चार जुन्या चेन, आणि 8 मिमीचा थ्रेडेड रॉड. रॉड, नट, 6 मिमीचे एक्सल, हे सगळं लक्ष्मीपुरीत नाहीतर उद्यमनगरात मिळून जातं, एका फेरीत.

धड आधी करायचं. खालचा खोका 5.5 एमडीएफचा, 180 मिमी रुंद, कारण दोन्ही बाजूला पट्टे मावायला पाहिजेत. तळ जमिनीपासून 40 मिमी वर. त्याच्यावर मडगार्डची पाटी पूर्ण 299 रुंद, जमिनीपासून साधारण 88-90 वर, आणि वरचं छप्पर 115 ला. समोरची पाटी 22 अंशात बसवताना कडा तिरकी तासावी लागते, ते रंध्यानं नीट होत नाही, 80 नंबरचा पॉलिश पेपर एका सपाट लाकडाला चिकटवून घासा, वेळ लागतो पण फट राहत नाही. जोडायला फेविकॉलच, आणि प्रत्येक कोपऱ्यात आतून चौकोनी लाकडी पट्टी द्या. नुसत्या कडेवर भरोसा ठेवू नका, वर दोन किलोचा खोका फिरणार आहे. छपराला मध्ये गोल भोक पाडायचं ते खोका फिरवायच्या बेअरिंगच्या मापानं, बेअरिंग आधी आणा मग भोक.

ड्रायव्हर समोर बरोबर मध्यभागी बसतो, त्याचं झाकण मध्येच काढा, डाव्या बाजूला नाही. गाडीत माणसं तीनच. एक्झॉस्ट डाव्या मडगार्डवर मागच्या बाजूला. टी-72 च्या मागं दोन मोठे इंधनाचे ड्रम असतात, ते इथं लावू नका, टॉसच्या मागं दोन हायड्रॉलिक पाय असतात, मारताना जमिनीला टेकवायचे म्हणजे गाडी हलत नाही. ते आम्ही 10 मिमीच्या अॅल्युमिनियम रॉडचे केले, लेथवाल्या मामांनी चहा पाजल्यावर फुकट फिरवून दिले.

चाकांना सगळ्यात जास्त वेळ जातो, पण एक युक्ती सांगतो. एका बाजूला सहा चाकं, आणि प्रत्येक चाक म्हणजे दोन तबकड्या, मध्ये फट. दोन्ही बाजूचे मिळून 24. लेझरनं कापायला गेलो तर 12 मिमी एमडीएफ त्यांच्या मशीनला नीट कापेना, कडा जळून कोळसा. मग ड्रिलला 64 मिमीचा होल सॉ लावला, भोकातून जी गोल चकती निघते ती साधारण 60 मिमीची, आणि मध्ये पायलट ड्रिलचं 6 मिमीचं भोक आयतंच, म्हणजे एक्सल सरळ आत. कडेला स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पट्टी रबर सोल्युशननं चिकटवली की 63 होतात आणि खरा रबर पण दिसतो. बाहेरच्या तोंडाला 3 मिमीची लेझर कट चकती, त्यावर टी-72 च्या चाकाची नक्षी. होल सॉ हातात धरून चालवू नका, लाकूड क्लॅम्प करा, आमच्या भाच्याचं मनगट तीन दिवस दुखत होतं.

चाकांवर अजून एक, टी-72 ओळखायचा तो चाकांवरून. सहा चाकं आणि वर तीन छोटे रोलर, तेवढेच. अहिल्यानगरला रणगाड्यांचं म्युझियम आहे, 1994 पासून, तिथं गेलात तर टी-55 बघा, त्याला पाचच चाकं, पहिल्या-दुसऱ्यात मोठी फट आणि वर रोलर नाहीत. तो बघितला की टी-72 ची चाकं किती दाटीनं बसलेली असतात ते डोळ्यात बसतं. आपल्याकडं दोन चाकांमध्ये फक्त 8 मिमी उरतात, त्यामुळं एक्सलची भोकं एक मिमीनं जरी हुकली तरी चाकं एकमेकाला घासतात. दोन्ही बाजूच्या पाट्या एकावर एक ठेवून एकदमच ड्रिल मारा.

पट्ट्यासाठी सायकलची चेन. एका कडीचं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी, आणि खऱ्या पट्ट्याची कडी 137 मिमी, 12 नं भागलं तर 11.4. दोन फुटावरून कुणाच्या बापाला फरक कळत नाही. एका पट्ट्याला दोन चेन शेजारी शेजारी, प्रत्येकीत 88 कड्या. 87 नको, चेन जुळायला सम संख्या लागते, आम्ही 87 तोडून बसलो होतो आणि रात्री अकरा वाजता हाफ लिंक शोधत फिरत होतो. त्यावर 48 बाय 10 मिमीच्या पट्ट्या 3 मिमी फोमशीटमधून कापायच्या, दोन्ही बाजूच्या मिळून 176. कंटाळवाणं काम आहे, क्रिकेटची मॅच लावून बसा. चेन आधी रॉकेलमध्ये रात्रभर बुडवा, दुसऱ्या दिवशी निरम्यानं धुवा, उन्हात वाळवा, मगच चिकटवा. तेलकट चेनवर फेविक्विक दोन मिनिटं धरतं आणि हात लावला की सगळे दात पडल्यासारखे पडतात. आरल्डाइट वापरा, चोवीस तास हात लावू नका. मागं ओढणारं चक्र म्हणून सायकलची फ्रीव्हील, 14 दातांची मिळाली तर बेस्ट कारण खऱ्या टी-72 ला पण 14 च दात, नाही मिळाली तर 16 ची, थोडी मोठी दिसते, चालवून घ्या. ओढणारं चक्र मागं असतं, पुढचं नुसतं फिरतं, हे उलटं करू नका.

आता खरा विषय, नळ्यांचा खोका.

कंड्युटची एक लांबी 3 मीटर, त्यातून 330 मिमीचे नऊ तुकडे बसतात, तीन लांब्यांत 27, म्हणजे तीन वाया गेले तरी चालतं. 330 हे माप असं आलं की टॉस-1ए चं रॉकेट 3.7 मीटर लांब आहे, बाराव्या हिश्श्यात 308, वर थोडी नळी. कापताना हॅकसॉनं एक एक कापलं तर सगळे तिरके होतात, लाकडाचा छोटा खाचेचा साचा करा नाहीतर चॉप सॉवाल्याकडून एकदम कापून घ्या. 24 नळ्या सरळ रेषेत धरायला 3 मिमी एमडीएफच्या तीन जाळ्या लेझरनं कापायच्या, पुढं, मध्ये, मागं. भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर 23 मिमी. इथं माझं ऐका, भोकाचं माप कागदावरून देऊ नका. 20 चा पाइप म्हणून विकतात पण कंपनीनुसार थोडा कमी-जास्त असतो आणि लेझर पण स्वतःचं थोडं खातो. पाइपचा तुकडा खिशात घेऊन जा, आधी एकच भोक कापायला लावा, घट्ट सरकला तरच पुढचं. आमच्या पहिल्या जाळीत सगळ्या नळ्या खुळखुळ करायला लागल्या, दुकानदार म्हणतो फाइल तुमची होती, बरोबरच होतं त्याचं.

जाळ्यांत नळ्या घातल्या की त्याच्या भोवती 5.5 एमडीएफचं कवच. रुंदी 200 च्या आत येते, म्हणजे गाडीपेक्षा बरीच कमी, दोन्ही बाजूला मडगार्ड मोकळं दिसलं पाहिजे. नळ्या आतून मॅट काळ्या, नाहीतर टॉर्च मारला की वायरिंगचा पाइप दिसतो.

उचलायची यंत्रणा. यात आमचे दोन सर्व्हो (ठराविक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटर) जळले. भाचा म्हणाला मामा एमजी996 लावूया, दहा किलो-सेंटीमीटरचा आहे, म्हणजे एक सेंटीमीटरवर दहा किलो पेलतो, भारी आहे. खोका तयार झाल्यावर काट्यावर ठेवला, दोन किलो. बिजागरी मागच्या कडेला, वजनाचा मध्य तिथून साडेसोळा सेंटीमीटरवर, गुणाकार करा, 33 येतो. दहाचा सर्व्हो 33 कसा उचलेल? पहिला घूं घूं करून धूर सोडून गेला, तरी आम्ही दुसरा लावून बघितला, शहाणपण उशिरा येतं. शेवटी 12 व्होल्टची 60 आरपीएम गिअर मोटर, तिला 8 मिमी थ्रेडेड रॉड, रॉडवर नट, नट खोक्याला दांडीनं जोडलेला. रॉड एक फेरा फिरला की नट 1.25 मिमी सरकतो, म्हणजे मिनिटाला 75 मिमी. खोका पूर्ण वर यायला पाऊण मिनिट लागतं आणि ते हळू हळू वर येणंच इतकं खरं वाटतं की लोक मोबाइल काढतात. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे लाइट गेली तरी खोका खाली पडत नाही, आटे धरून ठेवतात. प्रदर्शनात दुपारी लाइट गेलीच, शेजारच्यांचा रोबोट आडवा झाला, आमचा खोका तसाच वर.

मोटर उलट-सुलट करायला डीपीडीटी स्विच, आणि वर-खाली दोन लिमिट स्विच लावाच लावा, मोटरला कळत नाही कुठं थांबायचं ते, ती बिजागरी उपटून काढते. बाजूला फिरवायला डायनिंग टेबलवरच्या फिरत्या ट्रेखाली असतं ते 6 इंची बेअरिंग, ते हातानंच फिरवा, दुसऱ्या मोटरचा नाद करू नका. वायरी बेअरिंगच्या मधल्या भोकातून खाली घ्या आणि गोल गोल फिरवत बसू नका, अर्ध्या फेऱ्यालाच एक अडकण ठोका, नाहीतर वायरी पिळून तुटतात.

मारल्याचा इफेक्ट एलईडीनं. प्रत्येक नळीच्या मागच्या टोकाला एक नारिंगी एलईडी, अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम घालायचा छोटा बोर्ड) आणि एलईडी चालवायला तीन 74एचसी595 चिप. एका चिपला आठ आउटपुट आणि एका ओळीत आठ नळ्या, जणू ठरवून केल्यासारखं. प्रत्येक एलईडीला 330 ओहमचा रेझिस्टर. खरं टॉस-1ए सगळी 24 रॉकेटं साधारण 6 ते 12 सेकंदात सोडतं, म्हणून प्रोग्रामात 400 मिलिसेकंदाचा डीले ठेवला, 9.6 सेकंदात संपतं. पोरांना वाटलं लई फास्ट झालं, हळू कर, मी नाही केलं.

आणि हो, कुणीतरी म्हणणारच की नळीत फुलबाजे नाहीतर रॉकेटं घालूया, दिवाळीत उडवूया. अजिबात नाही. पीव्हीसी पेटला की घशात जाणारा विषारी धूर, एमडीएफ जळतो, आणि नळीतून बाजूला उडालेलं फटाक्याचं रॉकेट कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. आपल्या जुन्या कागदपत्रांत रॉकेटला बाणच म्हणायचे, मराठ्यांच्या फौजेत बाण सोडणारी वेगळी माणसं असायची, ती कामं त्यांनाच शोभत होती.

रंग. एमडीएफच्या कडा पाणी पितात तसा रंग पितात, त्यामुळं आधी कडांना पाण्यात पातळ केलेला फेविकॉल दोन हात, वाळला की घासा, मग पुट्टी, मग रेड ऑक्साइड प्रायमर. पाइपला प्रायमरच्या आधी पेपर मारा, गुळगुळीत पीव्हीसीवर रंग साप कात टाकतो तसा निघतो. मुख्य रंग गडद रशियन हिरवा, दुकानात असा मागितला तर मिळत नाही, ऑलिव्ह ग्रीन एनॅमलमध्ये थोडा काळा घाला, मेहंदीच्या वाळल्या पानासारखा झाला की थांबा. चकाकता ठेवू नका, मॅट क्लिअर मारा. आणि जुलै-ऑगस्टात स्प्रे मारायला जाऊ नका, कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहितीये, हवेत एवढी ओल असते की रंगावर पांढरी साय धरते. आम्ही केलं आणि सगळं परत घासलं. दिवाळीनंतर करा, नाहीतर मार्चात.

धूळ लावायला मुलतानी माती, केसांचा स्प्रे मारून ओलं असताना ब्रशनं झटकायची, चाकांवर आणि खालच्या अंगाला जास्त, खोक्यावर जवळपास नाहीच. भाच्यानं राधानगरी रोडची लाल माती आणून लावली होती, दिसत होतं झकास, पण पंजशीर दाखवायचं तर ती धूळ करडी-पिवळट असते, लाल नाही. पुसायला लावली. नळ्यांच्या मागच्या तोंडाला मात्र काळी काजळी हवीच, कोळशाची पूड बोटानं घासा.

न्यायचं कसं ते पण सांगतो, कारण आमचं तिथंच बिघडणार होतं. रिक्षात मागच्या सीटवर आडवं बसतं, पण खोका खाली घेऊन दोरीनं धडाला बांधा, आणि पट्ट्यांच्या खाली जुनी सतरंजी, नाहीतर शहरातल्या खड्ड्यांत फोमच्या पट्ट्या एक एक करून गळतात. सोबत आरल्डाइट, दहा-बारा जादा पट्ट्या आणि 12 व्होल्टचा दुसरा अॅडॉप्टर ठेवा. घरी आणल्यावर थ्रेडेड रॉडला ग्रीस, चेनला थोडं तेल, आणि पावसाळ्यात कपाटाच्या वरच्या फळीवर, खाली ठेवलं तर एमडीएफ फुगतो आणि छप्पर उचकटतं. आमचं आत्ता तसंच थोडं उचकटलंय, डाव्या मडगार्डला, रविवारी फेविकॉल घेऊन बसणार आहे.